खिशातली घंटी आपल्या सुरात

लग्नाच्या मांडवात किंवा एसटीच्या गाडीत कोणाचा तरी फोन वाजतो आणि एकदम पाच-सहा हात खिशांकडे, पिशव्यांकडे जातात. हे दृश्य तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. ज्याचा फोन वाजत असतो तो स्वस्थ बसून असतो आणि ज्यांचा वाजत नसतो ते धडपडत असतात. याच्या उलट प्रकार घरोघरी घडतो. आजोबांच्या उशाशी ठेवलेला फोन वाजून वाजून थांबतो. पलीकडच्या खोलीतल्या नातवाला तो ऐकू येतो, आजोबांना मात्र येत नाही. मग बाहेरगावी असलेली आत्या घाबरी होते आणि शेजाऱ्यांना फोन करून आजोबांची चौकशी करते.

या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे. फोनची घंटी, म्हणजे जिला आपण रिंगटोन म्हणतो ती, आपण स्वतः तयार करावयाची. त्यासाठी घरातली पेटी, टाळ, बासरी, किंवा काहीच नसेल तर तोंडाने घातलेली शीळसुद्धा चालते. ध्वनिमुद्रण करण्याची सोय फोनमध्येच असते. तुकडा कापणे, जोडणे, त्याचा आवाज वाढविणे यासाठी ऑडॅसिटीसारखे संगणकावर चालणारे कार्यक्रम फुकट मिळतात. म्हणजे साधनांची वाण नाही. तरीही घरी केलेल्या बहुतेक रिंगटोन फसतात. पेटीवर गोड वाजलेला तुकडा फोनमधून किरकिरा येतो, मध्येच ‘टक्’ असा आवाज होतो, किंवा तबल्याचा अर्धा भाग नाहीसाच होतो. असे का होते, हे समजण्यासाठी थोडे ध्वनिशास्त्र पाहावे लागेल.

घंटी वाजते कोठे?

आधी एक गैरसमज दूर करू. अनेकांना वाटते की रिंगटोन फोन करणाऱ्याकडून आपल्याकडे येते. जुन्या काळी यात थोडेफार तथ्य होते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८७६ मध्ये टेलिफोनचे एकस्व मिळविले, पण पलीकडच्या माणसाला बोलावयाचे कसे, हा प्रश्न शिल्लक होता. बेलचा मदतनीस थॉमस वॉटसन याने १८७८ मध्ये त्यासाठी विजेची घंटी तयार केली. दोन वाट्यांच्या मध्ये एक लहानसा टोला असतो. तारेतून दिशा बदलणारा विद्युत्-प्रवाह आला, की विद्युत्-चुंबक त्या टोल्याला एकदा या वाटीकडे आणि एकदा त्या वाटीकडे ओढतो. प्रवाहाची सेकंदाला २० आवर्तने झाली, तर टोला ४० ठोके देतो. हा प्रवाह टेलिफोनच्या केंद्रातून येत असे. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ मध्ये अशी केंद्रे सुरू झाली, आणि पुढे शंभरएक वर्षे घराघरांत ही दोन वाट्यांची घंटीच वाजत राहिली. घंटी वाजविण्याची शक्ती केंद्राची असे, पण सूर त्या वाट्यांचा असे. तो बदलावयाचा तर वाट्याच बदलाव्या लागत!

मोबाइल फोनमध्ये असा प्रवाह कोठून येणार? तेथे रेडिओ-तरंगांवरून केवळ एक निरोप येतो: ‘तुझ्यासाठी बोलावणे आहे.’ निरोप मिळाल्यावर काय वाजवावयाचे हे फोन आपल्या स्मृतीत पाहून ठरवितो. म्हणून आपण रिंगटोन कितीही बदलली, तरी फोन करणाऱ्याला ती ऐकू येत नाही. त्याला जी ‘ट्रिंग्-ट्रिंग्’ ऐकू येते ती केंद्राकडून त्याच्यापुरती येते. आपल्या देशात तिचा ठेका असा आहे: ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद खंड, पुन्हा ०.४ सेकंद आवाज आणि मग २ सेकंद शांतता. हातात घड्याळ धरून मोजून पाहा. काही लोक त्या जागी गाणे लावून घेतात. त्याला कॉलर ट्यून म्हणतात आणि तिचा आपल्या आजच्या विषयाशी संबंध नाही.

स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रण

फोनमध्ये संगीत साठविण्याचे दोन मार्ग आहेत. तुमच्यापैकी जे गाणे शिकतात त्यांना हा भेद सहज कळेल. गुरुजींनी चीज वहीत स्वरलिपीने लिहून दिली, हा एक मार्ग. गुरुजी गात असताना त्यांचे ध्वनिमुद्रण केले, हा दुसरा. वहीत आवाज नसतो. आवाज काढण्याच्या सूचना असतात.

सुरुवातीच्या मोबाइल फोनांना पहिला मार्गच परवडत असे, कारण त्यांची स्मृती फार तोकडी होती. जपानमध्ये १९९६ साली असे फोन निघाले, की ज्यांत आपल्याला हवी ती धून स्वतः भरता येई. आपल्याकडे पुष्कळांच्या आठवणीत असेल तो नोकिया ३३१०, हा २००० सालचा. त्याच्या १ ते ७ या कळा म्हणजे सप्तकातले सात शुद्ध स्वर होते. ८ दाबले की स्वर आखूड होई, ९ दाबले की लांब, आणि शून्य म्हणजे विश्रांती. चांदणीच्या कळेने सप्तक बदलत असे. कितीतरी मुलांनी त्या कळांवर आरत्यांपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत सारे काही बसविले होते. याच कंपनीची जगभर गाजलेली धून फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ सालच्या ‘ग्रान वाल्स’ या रचनेतून घेतलेली आहे. आणि निरोप आल्यावर वाजणारे ते तीन आखूड, दोन लांब, पुन्हा तीन आखूड ठोके आठवतात का? मोर्सच्या तारायंत्राच्या लिपीत त्यांचा अर्थ ‘एसएमएस’ ही तीन अक्षरे असा होतो. घरातल्या मोठ्या माणसांना हे सांगून पाहा.

पण ‘सा वाजव’ म्हटल्यावर फोनला काय कळणार? त्याला कंप्रता, म्हणजे सेकंदाला किती कंपने करावयाची ती संख्या, सांगावी लागते. जगभर मध्य सप्तकातील पांढरी सहा ही पट्टी ४४० हर्ट्झला लावतात. पेटीवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जाताना, मग ती काळी असो की पांढरी, कंप्रता प्रत्येक वेळी सुमारे १.०५९५ पट होते. हा आकडा आला कोठून? सप्तकात अशा बारा पायऱ्या असतात आणि सप्तक पुरे झाले की कंप्रता दुप्पट होते. म्हणून बारा वेळा स्वतःशी गुणल्यावर २ येईल अशी संख्या हवी. १.०५९५ ला १२ वेळा गुणून पाहा. पांढऱ्या सहापासून तीन पायऱ्या वर गेलो की ४४० चे सुमारे ५२३ होतात. हा तार सप्तकातील पांढरी एकचा स्वर. पुढे याचा आपल्याला उपयोग होणार आहे.

आता दुसरा मार्ग. मायक्रोफोनच्या पडद्यावर ध्वनीच्या लाटा आदळतात, पडदा मागेपुढे हलतो आणि त्याबरहुकूम विजेचा दाब कमी-जास्त होतो. हा दाब ठरावीक अंतराने मोजून त्याची संख्या लिहून ठेवली, की ध्वनीचे संख्यांत रूपांतर झाले. चांगल्या ध्वनिमुद्रणात हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा करतात. एवढे कशाला? नियम असा आहे की ज्या कंप्रतेची लाट नोंदावयाची तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले पाहिजे. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्याची दुप्पट ४०,०००, आणि वर थोडा वाव.

आता हिशेब करू. प्रत्येक संख्येला २ बाइट जागा लागते. डावी व उजवी बाजू वेगळी धरली आणि तुकडा ३० सेकंदांचा असला, तर ४४,१०० × २ × २ × ३०, म्हणजे ५२,९२,००० बाइट होतात. तीच धून स्वरलिपीत लिहिली, तर चाळीस स्वरांना सरासरी चार-चार अक्षरे धरून १६० अक्षरांत काम भागते. म्हणजे सुमारे तेहतीस हजार पटींचा फरक पडतो!

एमपी-३ या पद्धतीत या ५३ लाखांचे सुमारे ४,८०,००० बाइट होतात. १९९० च्या सुमारास जर्मनीतील कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या घडणीत मोठा वाटा उचलला. दहा हिस्से टाकून देऊन एक हिस्सा ठेवला, तरी गाणे गाणेच राहते. कारण आपल्या कानाला काही गोष्टी मुळीच कळत नाहीत. ढोल बडवला जात असताना शेजारी कोणी कुजबुजले तर ते ऐकू येते का? मोठा आवाज जवळच्या कंप्रतेच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. जे झाकले जाणार आहे ते साठवावयाचेच कशाला, असा हा व्यवहारी विचार आहे.

डग्गा कोठे गेला?

तबला-डग्ग्याचा तुकडा ध्वनिमुद्रित करून फोनमधून वाजवा. तबल्याचा ‘ना’ टणटणीत येतो, पण डग्ग्याचा घुमारा गायब असतो. कित्येकांना वाटते, ध्वनिमुद्रणच बिघडले. तसे नाही. कानात घालावयाची बोंडे लावून तोच तुकडा ऐका, डग्गा जागेवर असतो.

दोष आहे फोनच्या ध्वनिक्षेपकाच्या आकारात. त्याचा पडदा अंगठ्याच्या नखाएवढा आणि त्याची हालचाल मिलिमीटरच्या अंशाएवढी. ध्वनी उत्पन्न करावयाचा म्हणजे हवा ढकलावयाची. त्यात एक नियम असा आहे की आवाज तेवढाच ठेवून कंप्रता निम्मी केली, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. ८०० हर्ट्झच्या स्वरासाठी पडदा जेवढा हलतो, त्याच्या ६४ पट तो १०० हर्ट्झच्या स्वरासाठी हलावयास हवा. डग्ग्याचा घुमारा साधारण या १०० च्याच आसपासचा. तेवढी जागा बिचाऱ्याला आहे कोठे? म्हणून काहीशे हर्ट्झच्या खाली फोनचा आवाज झपाट्याने ओसरतो.

यातून एक गमतीचा प्रश्न निघतो. पेटीवर खर्जातली पांढरी एक वाजवली, तर तिची कंप्रता सुमारे १३१ हर्ट्झ असते. फोनला हा स्वर नीट देता येत नाही. तरीही फोनमधून ऐकताना तो आपल्याला खर्जाचाच वाटतो, वरच्या सप्तकातला वाटत नाही. असे कसे? पेटीचा स्वर एकटा नसतो. १३१ च्या जोडीला २६२, ३९३, ५२४ असे त्याच्या पटीतले उपस्वरही वाजत असतात. फोन १३१ गाळतो, पण वरचे उपस्वर देतो. त्यांच्यातले अंतर प्रत्येक वेळी १३१ चे आहे हे आपला मेंदू ओळखतो आणि न वाजलेला मूळ स्वर मनातल्या मनात भरून काढतो! डग्ग्याच्या घुमाऱ्यात असे जोमदार उपस्वर फारसे नसतात, म्हणून त्याच्या बाबतीत मेंदूला आधार सापडत नाही. तबल्याचे मात्र तसे नाही. साध्या कातड्याच्या वाद्याचे उपस्वर वेडेवाकडे, मूळ स्वराच्या पटीत नसलेले असतात. तबल्याच्या मधोमध लावलेली शाई ते पटीत आणते. आपल्या देशातील चर्मवाद्यांचा हा गुण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह दाखवून दिला होता. रामन म्हटले की आपल्याला प्रकाशच आठवतो, पण वाद्यांवरचे त्यांचे संशोधनही तितकेच वाचनीय आहे.

तेव्हा रिंगटोनसाठी वाद्य निवडताना हे ध्यानात ठेवा. टाळ, घुंगरू, संतूर, जलतरंग, सुंदरी, पेटीचे मध्य व तार सप्तक ही फोनला मानवतात. पखवाजाची थाप आणि ढोलाचा ठोका फुकट जातात. नुसते फुकट जात नाहीत, तर अडचणही करतात. फोनला ठरावीक उंचीपेक्षा मोठी लाट देता येत नाही. ऐकू न येणाऱ्या खर्जाच्या लाटांनीच ती उंची व्यापली, तर ऐकू येणाऱ्या स्वरांना वाढवावयास जागा उरत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणातील ३०० हर्ट्झच्या खालचा भाग गाळणीने काढून टाकावा आणि मग उरलेल्याचा आवाज वाढवावा. ऑडॅसिटीत अशी गाळणी तयार असते. ऐकताना काहीच कमी झालेले वाटत नाही आणि फोन लक्षात येण्याइतका मोठ्याने वाजतो. माझ्या मते घरच्या रिंगटोनची सर्वांत मोठी सुधारणा या एका कृतीने होते. आवाज वाढविताना हावरेपणा मात्र नको. लाटेचे शेंडे मर्यादेच्या वर गेले की ते छाटले जातात आणि आवाज फाटतो.

समेवर कापा

तुकडा किती लांब हवा? भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरविले, की उत्तर न मिळाल्यास मोबाइल फोन ३० सेकंद व तारेचा फोन ६० सेकंद वाजावा. म्हणून दोन मिनिटांचे गाणे रिंगटोन म्हणून लावण्यात अर्थ नाही. अंतरा कधी ऐकूच येणार नाही. शिवाय उत्तर द्यावयाचे असेल तर पाच-सात सेकंदांतच कोणीतरी फोन उचलतो. तेव्हा धुनेचे तोंड, म्हणजे ओळख पटविणारा भाग, पहिल्या दोन-तीन सेकंदांतच आला पाहिजे. लांबलचक आलापाने सुरू होणारी रिंगटोन ही कितीही सुरेल असली तरी वाईट रिंगटोन होय.

लहान तुकडा संपला की फोन तो पुन्हा पहिल्यापासून वाजवितो. येथे तालाचे ज्ञान उपयोगी पडते. केरवा आठ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि एक आवर्तन ४ सेकंदांचे. दोन आवर्तनांचा तुकडा बरोबर ८ सेकंदांचा व्हावयास हवा. समेपासून समेपर्यंत कापलात, तर जोड कोठे आहे हे कळतही नाही. तो ७.७ सेकंदांवर कापला, तर प्रत्येक वेळी ठेच लागल्यासारखे वाटेल. दादऱ्याचे गणित तुम्हीच करा. एमपी-३ पद्धतीत तुकड्याच्या दोन्ही टोकांना सेकंदाच्या काही शतांशांची शांतता आपोआप मिसळते आणि तालात तयार असलेल्या कानाला ती खुपते. म्हणून सलग जोड हवी असेल, तर तुकडा न दाबता ‘वेव्ह’ प्रकारच्या फाइलमध्ये ठेवावा. दहा सेकंदांसाठी जागेची चिंता करण्याचे आता कारण नाही.

राहता राहिला तो ‘टक्’ आवाज. संगणकाच्या पडद्यावर लाटेचे चित्र मोठे करून पाहा. ती मधल्या रेषेच्या वर-खाली जात असते. तुम्ही ती नेमकी शेंड्यावर कापली, तर तुकडा सुरू होताच ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला शून्यावरून एकदम शेंड्यावर उडी मारावी लागते. जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखविलेल्या मार्गाने या उडीची फोड केली, तर तिच्यात लहानमोठ्या सर्व कंप्रता एकत्र आलेल्या दिसतात. सर्व कंप्रता क्षणभर एकदम वाजणे म्हणजेच ‘टक्’. उपाय सोपा आहे. लाट जेथे मधली रेषा ओलांडते तेथे कापावे. ४४० हर्ट्झची लाट सेकंदाला ८८० वेळा ही रेषा ओलांडते, म्हणजे कात्री सेकंदाच्या एक सहस्रांशाने इकडेतिकडे सरकवली की जागा सापडते. एवढी खटपट नको असेल, तर आरंभीचा सेकंदाचा शंभरावा भाग शून्यापासून चढता करावा.

तयार तुकडा अँड्रॉइड पद्धतीच्या फोनमध्ये ‘रिंगटोन्स’ नावाच्या कप्प्यात ठेवला, की आवाजाच्या यादीत दिसू लागतो. आयफोनमध्ये तो गॅरेजबँड या कार्यक्रमातून पाठविता येतो. तेथे ३० सेकंदांची मर्यादा आहे. स्वतः रचून स्वतः वाजविलेला तुकडा मित्रांना वाटावयास कोणाची परवानगी नको. बाजारातल्या गाण्याचे तुकडे कापून वाटत सुटणे मात्र बरे नव्हे.

कोणाच्या कानासाठी?

आता मांडवातल्या गोंधळाकडे वळू. आवाज कोणत्या दिशेने आला हे आपण दोन कानांच्या साहाय्याने ओळखतो. खालच्या कंप्रतेचा ध्वनी जवळच्या कानाला किंचित आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी असतो, पण मेंदू तो पकडतो. वरच्या कंप्रतेच्या बाबतीत डोके आड येते आणि पलीकडच्या कानावर जणू सावली पडते, त्यामुळे तेथे आवाज कमी पोचतो. अडचण मधल्या पट्ट्यात आहे. २,००० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३४,३०० भागिले २,०००, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर होते. ही जवळजवळ आपल्या डोक्याच्याच मापाची! अशा लाटेसाठी पहिली युक्ती फसू लागलेली असते आणि दुसरी पुरती लागू झालेली नसते. म्हणून सुमारे १,५०० ते ३,००० हर्ट्झच्या शुद्ध, एकसुरी आवाजाची दिशा ओळखणे सर्वांत कठीण. एकसुरी ‘टी-टी-टी’ करणाऱ्या फोनचा आवाज नेमका येथेच असला, की मांडवभर खिसे चाचपले जातात. टाळाच्या ठोक्यात मात्र खूप वेगवेगळ्या कंप्रता असतात आणि त्याचा आरंभ धारदार असतो. डोळे मिटून मित्राला खोलीत कोठेही टाळ वाजवावयास सांगा. तुमचे बोट बहुधा अचूक दिशेला जाईल.

आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असून तिचे आतले टोक पडद्याने बंद असते. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट लांबीची लाट घुमते. चौपट म्हणजे १० सेंटिमीटर, आणि त्या लाटेची कंप्रता सुमारे ३,४०० हर्ट्झ. तरुण कान याच्याच आसपास सर्वांत तिखट असतो. त्यामुळे फोन वाजताना तुम्ही दचकता आणि आजोबा वर्तमानपत्र वाचत राहतात!

कारण वय वाढते तशी ऐकण्याची शक्ती वरच्या टोकाकडून कमी होत जाते. अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात. नळीच्या तोंडाजवळच्या पेशी उंच कंप्रतांसाठी असतात आणि वयोमानाने त्याच आधी झिजतात. एकदा गेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. वेल्समधील हॉवर्ड स्टेपलटन याने या गोष्टीचा चमत्कारिक उपयोग केला. २००५ मध्ये त्याने ‘मॉस्किटो’ नावाचे यंत्र काढले. दुकानापुढे घोळका करणाऱ्या पोरांना पिटाळण्यासाठी ते १७,००० हर्ट्झच्या वरचा आवाज काढी. पोरांना तो असह्य होई आणि मोठ्यांना ऐकूच येत नसे. पोरे काही कमी नव्हती. २००६ पर्यंत त्यांनी तोच आवाज रिंगटोन म्हणून फोनमध्ये भरला, म्हणजे वर्गात फोन वाजला तरी शिक्षकांना पत्ता लागू नये! त्याच वर्षी स्टेपलटनला इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. तरुण शिक्षकांपुढे मात्र ही युक्ती चालण्याची खात्री नाही.

आजोबांसाठी आपल्याला याच्या नेमके उलट करावयाचे आहे. फार उंच स्वर त्यांच्या कानाला नको, फार खालचे फोनला जमत नाहीत. मधली पट्टी राहते ती साधारण ५०० ते १,२०० हर्ट्झची. मघाशी काढलेला ५२३ हर्ट्झचा स्वर येथे कामास येतो. तार सप्तकातील पांढरी एकपासून पांढरी सहापर्यंतचे, म्हणजे ५२३ ते ८८० हर्ट्झचे स्वर पेटीवर घ्या. लांबलचक स्वर नको. तीन-चार ठसठशीत ठोके, मग अर्धा सेकंद शांतता, पुन्हा ठोके. सतत चालणाऱ्या पंख्याच्या घरघरीत सलग आवाज मिसळून जातो, तुटक आवाज उठून दिसतो. धून त्यांच्या ओळखीची असली तर फार बरे. ओळखीचा आवाज गलबल्यातही लवकर पकडला जातो. फोन गादीवर किंवा शालीखाली ठेवू देऊ नका. कापूस व लोकर आवाज पितात. लाकडी टेबलावर ठेवा किंवा पितळी तांब्यात उभा करा, म्हणजे भांड्यातील हवा व टेबलाची फळीही त्याच्याबरोबर कंप पावेल.

असे तीन निरनिराळे तुकडे करा आणि आजोबांना न सांगता दुसऱ्या खोलीतून फोन करा. एकदा शांततेत, एकदा पंखा चालू असताना, एकदा दूरदर्शनवर बातम्या चालू असताना. प्रत्येक वेळी किती सेकंदांनी त्यांनी मान वर केली ते वहीत लिहा. एकाच दिवशी सारे उरकू नका, नाहीतर ते वाट पाहत बसतील आणि निष्कर्ष चुकेल. शांत खोलीत, हाताच्या अंतरावर असूनही तिन्हींपैकी एकही त्यांना ऐकू आला नाही, तर मात्र रिंगटोन बदलत बसू नये. आई-बाबांना सांगून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे. तेथे श्रवणाची तपासणी करून एक आलेख देतात. त्यात आडव्या अक्षावर २५० ते ८,००० हर्ट्झ कंप्रता असतात आणि प्रत्येक कंप्रतेला किती डेसिबल आवाज लागतो ते रेषा दाखविते. डॉक्टरांचा उपचार डॉक्टर करतीलच. तुम्ही त्या आलेखाची नक्कल जपून ठेवा. रेषा जेथे सर्वांत वर आहे, तेथे आजोबांचा कान अजून शाबूत आहे. त्या कंप्रता फोनच्या आवाक्यातल्या असतील, तर पुढची धून त्याच स्वरांत बांधा.